बाळंतिणीच्या उशाखालचं चाक

आयुष्यभर मी टर्बाइनं केली. लहान टर्बाइनं. हे सांगितलं की लोक आधी आदराने बघतात, मग ‘लहान म्हणजे केवढी?’ असं विचारतात, आणि मी हाताने ज्वारीच्या भाकरीएवढा गोल करून दाखवला की त्यांचा आदर तिथल्या तिथे खाली बसतो. बसू दे. त्या भाकरीएवढ्या चाकाने मला जे दिलं, ते धरणाखालच्या अजस्र टर्बाइनवाल्यांना मिळालं असेल असं मला वाटत नाही. त्यांच्यापैकी कोणाला वरिष्ठांसमोर, उघड्यावर, वीस-पंचवीस बायांच्या देखरेखीखाली आंघोळ घातली आहे का? मला घातली आहे. आणि तीही कामाचा भाग म्हणून.

आधी धंदा समजावून सांगतो, म्हणजे पुढची गंमत कळेल. वीज करायची तर काहीतरी फिरवावं लागतं. मोठ्या केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात आणि तिच्या माऱ्याने चाक फिरवतात. पण तुमच्याकडे चहाच्या आधणाइतकंही तापलेलं पाणी नसेल तर? त्याची जोरकस वाफ होत नाही. मग आम्ही ते गरम पाणी नळ्यांतून खेळवून शेजारच्या भांड्यातला दुसराच एक द्रव तापवायचो. फ्रीजच्या पोटात असतो त्या जातीचा. हा पठ्ठ्या इतका उतावळा, की हाताच्या उबेनेही उकळू लागतो. त्याच्या वाफेने आमचं चाक फिरायचं. मग ती दमलेली वाफ थंड पाण्याच्या नळ्यांवर न्यायची, तिचा पुन्हा द्रव करायचा, पंपाने मागे पाठवायचा. ही निववायची जागा म्हणजे कंडेन्सर. काही जळत नाही, धूर नाही, राख नाही. फक्त एक गोष्ट फारशी अभिमानाने सांगण्यासारखी नव्हती. उष्णतेचे शंभर भाग आत घातले, तर विजेचे जेमतेम पाच हाती यायचे. बाकीचे पंच्याण्णव कुठे जातात असं कोणी विचारलं, की मी कपाळाला आठ्या घालून सांगायचो, ‘वाया’. ह्याच शब्दाने पुढे मला गोत्यात आणलं.

सत्तरच्या दशकाचा मध्य होता. परदेशातल्या तेलाने सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं, आणि पुण्यातल्या ज्या संशोधन संस्थेत मी काम करत होतो तिथे आमच्या मोठ्या साहेबांनी फर्मान काढलं, की हे टर्बाइन आता प्रयोगशाळेबाहेर, खेड्यात चालवून दाखवा. वर्ष संपता संपता दिल्लीहून समिती येणार, तिला पटलं तर काम पुढे चालणार, नाहीतर आमचा विभाग बंद. खेडं कुठलं, असा प्रश्न आला तेव्हा मी हात वर केला. मी मूळचा अनसिंगचा. आज तो वाशिम जिल्हा, तेव्हा अकोलाच होता. उष्णता म्हणाल तर आमच्याकडे कधी कमी पडलेली नाही.

गरम पाणी कुठे मिळतं ते बघायला आधी रिसोडकडे केनवडला गेलो. तिथे एका गुऱ्हाळाच्या मालकाने माझं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे जे तापलेलं हाय, त्याच्यावर हे चालते?”

“हो, फार तापलेलंही नको.”

“मंग बसवा आमच्या सासऱ्यापाशी. बुढा सकाळपासून तापूनच राह्यते.”

गुऱ्हाळ चालतं मोजके महिने, म्हणून तिथे जमलं नाही. सासऱ्यांना मी भेटलो नाही.

जमलं ते कामरगावला. गावालगत कापसातली सरकी काढायचं एक जुनं जिनिंग होतं, त्यात बॉयलर आणि वाफेचं इंजिन. इंजिनातून काम करून सुटलेली वाफ एका हौदात सोडलेली असायची. त्या हौदातलं पाणी कायम वाफाळलेलं, हात घालाल तर भाजेल असं. आणि ते अख्खं पाणी दिवसभर एका नालीतून वाहत जायचं. मी ती नाली पहिल्यांदा पाहिली ती दुपारच्या सुट्टीत. नालीवर चिटपाखरूही नव्हतं. माझ्या डोळ्यांत आनंदाश्रू यायचेच बाकी राहिले. एवढी उष्णता, वाया! मी लगेच पुण्याला तार केली.

कारंज्याहून रहीमभाई नावाचा फिटर मदतीला मिळाला. हा माणूस कामाला वाघ आणि बोलायला त्याहून वाघ. दिवाळीनंतर आम्ही पत्र्याची शेड उभी केली, हौदाचं पाणी पाइपाने आमच्या यंत्रात घेतलं, थंड पाणी विहिरीतून आणलं. यंत्रातून बाहेर पडणारी दोन्ही पाणी, म्हणजे उष्णता काढून घेतलेलं हौदाचं आणि वाफ निववून आलेलं विहिरीचं, मागच्या भिंतीपलीकडे नाल्यात सोडून दिली. सगळं कसं नीटनेटकं. साबणाचा फेस लावून एकेक सांधा तपासला. कारण तो उतावळा द्रव एकदा निसटला की गेलाच. पौषातल्या एका सकाळी टर्बाइन गुणगुणायला लागलं आणि शेडमधले दिवे लागले. मी रहीमभाईला मिठी मारली. त्याने तेलाचे हात माझ्या पाठीला पुसून घेतले.

त्याच दिवशी दुपारी बाया आल्या.

पुढे कौसाबाई. जिनिंगच्या मजूरचाळीत राहणारी, पन्नाशीची, काटक. दिवसा कापूस निवडायची, आणि चाळीत कोणी बाळंत झालं की तिला आणि लेकराला न्हाऊ घालायचं काम तिचंच. शेडच्या दारात कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली.

“साहेब तुमीच का?”

“मीच.”

“नालीचं पानी कुठी गेलं?”

मी खुशीत होतो, म्हणून अगदी प्रेमाने समजावून सांगितलं. मावशी, ते पाणी नुसतं वाया जात होतं, आता त्याची आम्ही वीज...

“वाया?” तिने मागे वळून पाहिलं. “आयकलं का व बायांनो? सकाळ-संध्याकाळ आपून आंग धुतो, लेकरं धुतो, कपडे धुतो, थे समदं वाया जाऊन राह्यलं होतं म्हने!”

मी नाली पाहिली होती भर दुपारी. पहाटे आणि दिवेलागणीला त्या नालीवर अख्खी चाळ लोटायची, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. पुण्यात बसून नालीचा नकाशा काढला की त्यात माणसं दिसत नाहीत.

“माह्या सुनेले बाळंत होऊन पाच दिस झाले,” कौसाबाई म्हणाली. “कपाशीची पऱ्हाटी जाळून किती पानी तापवू? थंडी अशी हाय का हात घालवत नाई. बाळंतिनीच्या आंगावर काय टाकू? थंडं पानी टाकू, का तुही वीज टाकू?”

तिने इकडेतिकडे पाहिलं. आमच्या मुख्य व्हॉल्व्हला लोखंडाचं एक गोल चाक होतं. ते फिरवलं की हौदाचं पाणी यंत्रात येणार. रहीमभाईने तेल द्यायला त्यावरचा नट काढून ठेवला होता. कौसाबाईने आधी व्हॉल्व्ह गरागरा फिरवून बंद केला, मग चाक उचललं, पदरात घेतलं आणि चालू लागली. टर्बाइन कण्हत कण्हत थांबलं. आणि समिती परवा सकाळी येणार होती!

चाक परत आणायला मी रहीमभाईला पाठवलं. तो हात हलवत आला.

“साहेब, चाक बाळंतिनीच्या उशाखाली हाय.”

आमच्याकडे रीत अशी, की बाळंतिणीच्या उशाशी लोखंड ठेवायचं. विळा म्हणा, अडकित्ता म्हणा. त्याने वाईटसाईट जवळ येत नाही. आणि त्या खोलीत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही. तेव्हा माझ्या टर्बाइनची चावी जगातल्या सगळ्यात सुरक्षित जागी जाऊन पडली होती. मी रहीमभाईला म्हटलं, पान्याने फिरवू की व्हॉल्व्ह, त्यात काय! तर त्याने कानाला हात लावले.

“आपल्याच्यानं नाई होनार. मायले कळलं त घरात घेनार नाई मले.”

शेवटी मीच गेलो. चाळीतल्या त्या खोलीच्या दारावरचा निळा झेंडा पाहून उंबऱ्याबाहेरूनच म्हणालो, “जयभीम, मावशी.”

कौसाबाई बाहेर आली. “जयभीम. कुठचा तू?”

“अनसिंगचा.”

“अनसिंगचा! मंग त तुले लाजच वाटाले पाह्यजे. पुन्याचा असता त सोडून देल्लं असतं.”

मी म्हटलं, मावशी, आपण आता बुद्धाचे. लोखंड उशाशी ठेवायचं आपण केव्हाच सोडून दिलं.

“सोडलंच होतं,” ती म्हणाली. “तुह्यासाठी पुन्हा धरलं.”

आतून तिची सून सुशीला खुदकन हसली, आणि लेकरू रडायला लागलं. मलाही हसू आवरलं नाही. बाई बरोबर होती. अशी चीड आली मला, पण तिची नाही, माझीच.

परत आलो तो थेट शेडमागच्या भिंतीपलीकडे, नाल्यावर गेलो. का गेलो माहीत नाही. बहुधा कोणी बघू नये म्हणून. आमच्या पाइपांखाली सकाळचं पाणी एका डबक्यात साठलं होतं. हात धुवायला बुडवला, आणि तसाच ठेवून बसलो. दुपार कलली होती, वारा बोचत होता, आणि डबकं अजून छान ऊबदार होतं!

अहो, शंभरातले पाचच तर मी घेत होतो! बाकीचे पंच्याण्णव कुठे पळाले नव्हते. थोडे हौदाच्या पाण्यातच राहिले होते, थोडे विहिरीच्या पाण्यात उतरले होते, आणि दोन्ही मी स्वतःच्या हाताने नाल्यात ओतत होतो. एक पाणी साठ अंशांचं, अंगावर घ्यायला फार गरम. दुसरं पस्तिसाचं, जरासं कोमट. दोन्ही एकत्र केली तर? तिथेच बसून हिशेब केला. आंघोळीचं पाणी! आधी नालीचं पाणी बायांना विहिरीचं ओतून ओतून निववावं लागायचं. आता निववायचीही गरज नव्हती. मी “रहीमभाई!” म्हणून इतक्या जोरात ओरडलो, की त्याला वाटलं मला साप चावला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून आम्ही पाइप जोडत होतो. दोन्ही पाणी एका टाकीत आणली, आणि टाकीतून चाळीच्या बाजूला एक आडवा पाइप काढून त्याला ओळीने तोट्या बसवल्या आणि खाली दगडांचा ओटा रचला. रहीमभाईने विचारलं, साहेब, नालीतच सोडून देऊ ना, एवढा खटाटोप कायले? मी त्याला कारण सांगितलं नाही. इथे सांगतो. नालीला वरचं टोक असतं आणि खालचं टोक असतं. वरच्या टोकाला कोण बसायचं आणि खालच्या टोकाला निवालेलं, साबणाने गढुळलेलं पाणी कोणाच्या वाट्याला यायचं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. अनसिंगमध्ये जन्मलो होतो. पण आडवा पाइप पाणसळ लावून तंतोतंत सपाट बसवला, की पहिल्या तोटीला जे पाणी तेच शेवटच्या तोटीला. त्या कामात मी एवढी पाणसळ लावली, की रहीमभाई म्हणाला, टर्बाइनलेही इतकं जपलं नाई तुमी.

संध्याकाळी कौसाबाई ओट्यावर येऊन सगळं बघून गेली. तिला एकच शंका होती, आणि ती सगळ्या बायांची होती. “दुधातलं लोनी काढलं का मांगं ताक उरते. ह्या पान्यातली वीज काढून घेतली, मंग उरलं काय? असं सत्त्व गेलेलं पानी ओल्या बाळंतिनीले चालते का?”

मी शास्त्र सांगायला तोंड उघडलं. तिने हातानेच थांबवलं.

“ते राहू दे. उद्या सकाळी चाक आनतो मी. आंधी तुले न्हाऊ घालतो. तुले काई झालं नाई, त सुनेले.”

सकाळी ती चाक घेऊन आली. त्याला ओव्याच्या धुरीचा वास येत होता. तिने ते रहीमभाईच्या हातात दिलं, टर्बाइन सुरू झालं, तोट्या सुटल्या. ओट्याभोवती सगळी चाळ. मी गंजीफ्रॉक काढला, लुंगी कसून बांधली आणि पाटावर बसलो. वाऱ्याने अंगावर काटा आला होता. कौसाबाईने तांब्याभर पाणी घेतलं, त्यात कोपर बुडवून पाहिलं, “आंघोळीचं हाय,” असं जाहीर केलं आणि माझ्या डोक्यावर ओतलं.

काय सांगू! पौषातल्या थंडीत, उघड्यावर, ते पाणी मानेवरून पाठीवर उतरलं आणि माझ्या तोंडून “आहाहा” निघालं. बाया खो खो हसल्या. मग ती मला बाळंतिणीसारखीच न्हाऊ घालायला लागली. वज्रीने टाचा घासल्या, पाठ रगडली, डोक्याला शिकेकाई चोळली. “सरळ बस. पुन्याले कोनी आंग घासत नाई वाटते!” एक म्हणाली, लेकरासारखी टाळूही भरा त्याची. कोणीतरी खरंच तेलाची वाटी आणली.

आणि नेमक्या ह्या वेळी जीप येऊन थांबली. समिती अकोल्याहून वेळेच्या आधीच निघाली होती. आमचे मोठे साहेब, कोट-टाय, त्यांच्यामागे दिल्लीचे दोघं. डोळ्यांत शिकेकाई गेल्यामुळे मला कोणी दिसत नव्हतं, फक्त साहेबांचा आवाज ऐकू आला.

“हा काय प्रकार आहे?”

मी डोळे मिटलेल्या अवस्थेतच उभा राहिलो आणि म्हणालो, “सर, कंडेन्सरची चाचणी.”

रहीमभाई नंतर सांगायचा, की दिल्लीवाल्यांच्या तोंडाचा जो आ वासला होता, त्यातून आमचं टर्बाइन आत गेलं असतं.

मोठे साहेब हुशार होते. त्यांनी शेडकडे पाहिलं, दिवे जळत होते. टाकीकडे पाहिलं, पाइपाकडे पाहिलं, बायांच्या भरलेल्या घागरींकडे पाहिलं. मग विचारलं, “पाण्याचं तापमान किती?”

“आंघोळीचं हाय,” कौसाबाई म्हणाली.

साहेबांनी स्वतः तोटीखाली थर्मामीटर धरला. “चव्वेचाळीस,” ते मागच्यांना म्हणाले. मग कोट काढून जीपमध्ये टाकला, बाह्या सरसावल्या आणि तोंड-हात धुवायला जे बसले ते उठेचनात. अकोल्यापासून उघड्या जीपमध्ये काकडत आले होते बिचारे. दिल्लीवाल्यांनी त्यांच्यामागे ओळ धरली.

कौसाबाईने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. हातपाय धड आहेत, माणूस हसतो आहे. एवढी खात्री झाली तशी ती दोन घागरी भरून चाळीकडे गेली, आणि थोड्या वेळाने त्या खोलीच्या न्हाणीतून वाफ बाहेर येताना दिसली. लेकराचं रडणं ऐकू आलं आणि मग थांबलं. मी ओल्या लुंगीतच कान देऊन उभा होतो. कबूल करायला काय हरकत आहे? टर्बाइन पहिल्यांदा फिरलं तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

चाळीत पहिला दिवा आम्ही सुशीलाच्या खोलीत लावला. वायर ओढायला बायाच आत गेल्या, रहीमभाई दाराबाहेरून सूचना देत होता. दिवेलागणीला बटण दाबलं, खोली उजळली, बाहेर टाळ्या पडल्या. आणि आतून सुशीलाचा आवाज आला, “बंद करा व थे, पोट्टी आत्ताच झोपली हाय!”

सगळे म्हणाले, पोरीचं नाव बिजली ठेवा. कौसाबाई म्हणाली, बिजली बकरीले ठेवा. पोरीचं नाव सुजाता ठेवलं.

समितीने काम पुढे चालू ठेवायला संमती दिली. जाताना मोठे साहेब मला म्हणाले, “आपल्या पाच टक्क्यांसाठी कोणी भांडलं नसतं हो. त्या पंच्याण्णवासाठी बाया भांडल्या.” त्यानंतर मी पुष्कळ टर्बाइनं केली. पण आराखडा काढताना गरम पाणी बाहेर पडतं तिथे ‘वाया’ हा शब्द पुन्हा लिहिला नाही.

कामरगावचं यंत्र काही हंगाम चाललं. मग विजेचे खांब आले, आणि पाठोपाठ जिनिंगच बंद पडलं. बॉयलर थंड, तर आमचं काय चालणार? एक दिवस माणसं येऊन शेड उकलून घेऊन गेली. टर्बाइनचं भाकरीएवढं ते चाक कुठल्या भंगारात वितळलं कोण जाणे. ह्याचं दुःख आहे, नाही असं नाही.

गेल्या हिवाळ्यात कारंज्याला लग्न होतं, म्हणून वाट वाकडी करून कामरगावला उतरलो. जिनिंगच्या जागी दुकानं झाली आहेत. चाळ नाही. विचारत विचारत सुशीलाच्या घरी पोचलो. केस पांढरे झालेत, हसणं तेच. कौसाबाई जाऊन बरीच वर्षं झाली. सुजाता वाशिमला शिक्षिका आहे. गच्चीवर उन्हाने पाणी तापवायची टाकी तिनेच बसवून दिलेली.

मी ओळख द्यायला लागलो, इंजिनिअर, वीज, टर्बाइन. सुशीला गोंधळून बघत राहिली.

“वीज? वीज त खांबावरून आली, भाऊ.” मग एकदम तिचे डोळे चमकले. “थांबा, थांबा. आमच्या बुढीनं न्हाऊ घातलेले साहेब तुमी!”

“तोच मी.”

ती अशी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही आलं. चहा झाला, गप्पा झाल्या, कौसाबाईच्या आठवणी निघाल्या. मी उठायला लागलो तर तिने न्हाणीतली तोटी सोडली, बादली भरायला लावली आणि खुंटीवर धुतलेला टॉवेल टाकला.

“परवासातून आले. असे नाई जाऊ देत मी. आंग धुऊन जा.”

मी बादलीत हात घातला. इतकी वर्षं झाली, पण हाताला कळलं.

“चव्वेचाळीस,” मी म्हणालो.

सुशीलाने बाही वर केली, कोपर बुडवून पाहिलं आणि मान हलवली.

“आंघोळीचं हाय.”